रंग सुरतेचा, हात खानदेशचे

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचं पुस्तक त्यानंतर हातात आलं. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीत फळीवर, पिठाच्या डब्याखाली, आरशामागे, जिथं कागद अंथरायची सोय असेल तिथं पत्रकं अंथरलेली असत. गुलाबी, पिवळी, फिकी हिरवी, वाटून उरलेली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पांडेसऱ्याच्या एका मिलच्या रंगखात्यात होते. साड्यांचं कापड रंगवायचं काम. पाळी संपवून आले की गल्लीतल्या ओट्यावर त्यांची बैठक बसे. गटार तुंबलंय, रेशनचं दुकान वेळेवर उघडत नाही, पगाराची पावती देत नाहीत, असं काही ना काही असायचंच, आणि त्यावर पत्रक निघायचं. अक्षर बरं म्हणून पक्की प्रत करायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे आलं. पुढे मजकूरही मीच लिहू लागले.

ओट्यावर एक रिवाज होता. पत्रक छापखान्यात जाण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जाई. वाचायचे ते मिलमध्ये कापडाच्या छपाईखात्यातले एक काका. मशिनच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा गळा असा झाला होता की ते कानात बोलले तरी गल्लीला ऐकू जाई. वाचताना कुणी मध्येच ‘म्हणजे?’ असं विचारलं, की ते वाक्य तिथंच रद्द. लिहिणाऱ्यानं समजावून सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. समजावणारा माणूस पत्रकासोबत घरोघर जात नसतो, असं आबांचं म्हणणं. आणि पत्रकाची शेवटची ओळ कायम एकच: वाचून झालं की पुढच्याला द्या.

मला या रिवाजाचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. कॉलेजातून मी मोठमोठे शब्द घेऊन यायचे आणि ते एकेक करून ओट्यावर मरायचे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. माझं बी.ए. झालं आणि आता पुढे काय हा प्रश्न घरात येऊन बसला. सुरतेत मराठी लिहिणाऱ्या मुलीला काम कोण देणार? साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरोघर होतं, माय तेच करायची. मामानं गावाकडच्या बालवाडीत माझी सोय लावून ठेवली होती. शेवटी घरात ठरलं: दिवाळीपर्यंत लिहिण्याचं दरमहा काम मिळालं तर मी इथं राहायचं, नाही तर मामाकडे जायचं. मला जायचं नव्हतं. बालवाडीला माझी ना नव्हती. पण ओटा इथं होता, ज्यांच्यासाठी लिहावं अशी माणसं इथं होती. गावाकडे मी कुणाची तरी भाची होणार होते. इथं मी पत्रक लिहिणारी होते.

उधना स्टेशनवरून आबा मराठी वर्तमानपत्र आणत. ते मुंबईहून यायचं आणि एक दिवस शिळं असायचं. त्यात एका कोपऱ्यात चार ओळी दिसल्या. जाहिरातींसाठी सोपं मराठी लिहू शकणाऱ्या व्यक्ती हव्यात, आपल्या गावी राहून काम करता येईल, लिखाणाचा नमुना पाठवा. पत्ता पुण्याचा. माझा पहिला विचार असा की हे फसवणुकीचं आहे. घरबसल्या काम देतो म्हणून आधी मनीऑर्डर मागवणाऱ्यांवर आम्हीच एक पत्रक काढलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं. मी त्या चार ओळी पुन्हापुन्हा वाचल्या. कुठंही आधी काही पाठवा असं नव्हतं. नमुना तेवढा पाठवायचा होता.

नमुना म्हणून माझ्याकडे होतं काय? कविता नाही, कथा नाही. मी आरशामागची पत्रकं काढली, सरळ केली आणि एका जाड पाकिटात घालून पाठवून दिली. गटाराचं, रेशनचं, नळाचं, मनीऑर्डरवाल्यांचं. सोबत एका कागदावर नाव, आणि संपर्कासाठी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा नंबर. बूथवाले भाई सौराष्ट्रातले. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फोन त्यांच्याकडे येत आणि ते दारात उभे राहून हाक मारत.

बरेच दिवस गेले. मी ते पाकीट विसरायच्या बेतात होते, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हाक ऐकू आली. “ए मराठी बेन, तमारो फोन छे. पूनाथी.”

मी धावत गेले. पलीकडे एक बाई होत्या. आवाज मोठ्या वयाचा, घाई नसलेला.

“नळाचं पत्रक तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“मग नळ आला?”

“आला.”

“उत्तम. मग कपडे धुवायचा साबण विकून बघाल का?”

मला ते लागलं. “मी काही विकण्यासाठी लिहीत नाही,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे क्रांती करायची ती मळक्या कपड्यांतच.”

मला हसू आलं, ते मी त्यांना ऐकू दिलं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांची जाहिरातींची छोटी संस्था आहे, कामं खेड्यापाड्यांत माल विकणाऱ्यांची असतात, आणि पुण्यात मराठी लिहिणारे खूप आहेत पण त्यांचं मराठी खेड्यात पोचेपर्यंत दमतं. तुमचं पत्रक मी आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या. कुणीही मध्ये काही विचारलं नाही.

ओट्याबद्दल मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. 

साबणाबद्दलची माहिती फॅक्सनं यायची होती. फॅक्सचं यंत्र बूथमध्ये नुकतंच आलं होतं, भाईंनी त्यावर नक्षीचा रुमाल घातला होता. घंटी वाजली, यंत्रानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि गुळगुळीत कागद हळूहळू बाहेर यायला लागला. त्यावर फोनवरच्या त्या बाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, हातचं अक्षर होतं. पुण्यात टेबलाशी बसलेल्या बाईनं मारलेली रेघ, खोडलेला शब्द, पेन अडखळला तिथला ठिपकासुद्धा. मी कागद हातात घेतला तर गरम. आपण ज्यांना कधी पाहिलेलं नाही त्यांच्या हाताची ऊब आली असं मला वाटलं. ती यंत्राची ऊब आहे हे मला कळत होतं, तरी वाटलं.

मजकूर पाठवायच्या दिवशी आबा आणि वाचणारे काका मुद्दाम बघायला आले. मी लिहिलेलं पान यंत्रानं ओढून घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं परत दिलं. काकांनी ते उचलून उलटंपालटं केलं.

“कागद ते आठेच शे,” ते आमच्या अहिराणीत म्हणाले. कागद तर इथंच होता.

“हो.”

“मंग तिकडे काय गयं?”

मी सांगायचा प्रयत्न केला आणि मला सांगता येईना. आबा म्हणाले, “लिखेल व्हतं ते गयं.” काकांना ते पटलं. मला अजूनही त्याहून बरं उत्तर सुचलेलं नाही. गिरणीत माणूस स्वतः गेल्याशिवाय काम होत नाही. देह दारातून आत घेतात, पाळीभर वापरतात आणि दारातून बाहेर सोडतात. आणि इथं मी नवागामात उभी होते, आणि माझं काम पुण्यात जाऊन पोचलं होतं. देह कुणी मागितला नव्हता.

पहिली जाहिरात मी मला येत होती तशी लिहिली. सुरुवात ‘कष्टकरी भगिनींनो’. मग कपडे धुण्यात बायकांचा दिवस कसा जातो यावर परिच्छेद, त्याखाली मागण्या, आणि शेवटी नेहमीची ओळ. मॅडमचा फोन आला.

“साबणाकडे मागण्या करता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “साबण काही तुझं निवेदन स्वीकारणार नाही.”

“मग काय करायचं?”

“साबण काय करतो ते सांगायचं. एकच गोष्ट. जी खरी असेल ती. आणि शेवटची ओळ मी ठेवतेय.”

“कुठली?”

“वाचून झालं की पुढच्याला द्या. अशी ओळ मला जन्मात सुचली नसती.”

ती ओळ साबणाच्या कागदावर छापून खेड्यांत गेली. ओट्यावर हे कळलं तेव्हा काकांनी मला विचारलं, “आनि आमनी मागनी कोठे शे?” सगळे हसले. पण त्यानंतर जाहिरातीचा मजकूरही ओट्यावर वाचला जाऊ लागला. रिवाज तोच. कुणी ‘म्हणजे?’ म्हटलं की वाक्य रद्द. मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात वाचली गेली, बियाण्याची वाचली गेली. दिवसभर रंगाच्या वाफेत उभी राहिलेली माणसं मांडी घालून गंभीरपणे औषधाचा मजकूर ऐकत, आणि एखादा म्हणे, “मेंढ्याले समजनं का?”

तरी अजून हे सुटं काम होतं. आज आहे, पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. दिवाळी जवळ येत होती आणि मामाचा निरोप आला होता. मग मॅडमनी सांगितलं की एक मोठं काम येतंय, साडीचं. खानदेश आणि विदर्भातल्या बाजारांसाठी वर्षभर पत्रकं, भिंतीवरचे मजकूर, दुकानातल्या पाट्या. हे तुझ्याकडून नीट झालं तर दर महिन्याला काम पक्कं.

माहितीचा फॅक्स आला. मी वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. मिल पांडेसऱ्याची होती. आबांची मिल.

मला वाटतं, त्या क्षणाइतकी थक्क मी आयुष्यात फार कमी वेळा झालेय. आबा जी साडी रंगवत होते ती आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर होती. तिच्याबद्दलचा कागद मिलमधून पुण्याला गेला होता, पुण्याहून नवागामला माझ्या हातात आला होता, माझ्याकडून तो पुण्याला जाणार, तिथून छापून खानदेशात. त्याच गावांत, जिथून आबा सुरतेला आले होते. एवढा मोठा फेरा, आणि त्याच्या दोन टोकांना आम्ही बापलेक. मिलच्या मालकाला हे माहीत नव्हतं. पुण्याच्या मॅडमना माहीत नव्हतं. एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात उभ्या असलेल्या मला फक्त माहीत होतं.

पण फॅक्सच्या शेवटी एक ओळ होती. ती मालकांची स्वतःची, इंग्रजीत, आणि ती मराठीत आणायचीच असा आग्रह: हसऱ्या हातांनी रंगवलेली साडी.

त्याच आठवड्यात ओट्यावर रंगखात्याचं पत्रक चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला पाणी नव्हतं. एक पिंप होतं, त्यातलं पाणी पहिल्या काही माणसांतच रंगीत व्हायचं. मागून आलेले तसेच डबा उघडून बसायचे. भाकरीला निळा, लाल, जांभळा अंगठा उमटायचा. साबणाचं तर नावच नको. आणि मी लिहायचं होतं, हसरे हात.

मी मॅडमना फोन केला आणि म्हटलं की ही ओळ मी लिहिणार नाही. मिल कुणाची, आबा कुठं काम करतात, पिंपाचं काय, सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “ती ओळ मालकांना फार आवडते.”

“मग त्यांनीच लिहावी.”

“लिहिलीच आहे त्यांनी. तू मराठीत करायचीस.”

“खोटं मला मराठीत करता येत नाही.”

“मराठीत पुष्कळ खोटं लिहिलं जातं गं, तू वाचत नाहीस इतकंच.” मग आवाज बदलून म्हणाल्या, “हे बघ, नुसतं नाही म्हणू नकोस. नाही म्हणणारे मला इथं रोज भेटतात. त्याहून चांगली ओळ दे, मी मालकांशी बोलते. दिली नाहीस तर मला तीच ओळ छापावी लागेल, आणि मग हे काम तुझ्याकडे राहणार नाही.”

घरी येताना मी ठरवलं होतं की काम सोडायचं. ज्या मिलविरुद्ध एका हातानं पत्रक लिहायचं तिचीच दुसऱ्या हातानं जाहिरात करायची, हे मला सहन होणारं नव्हतं. मामाकडे जाईन पण हे करणार नाही. संध्याकाळी ओट्यावर मी तसं सांगून टाकलं. कुणी तरी शाबासकी देईल अशी माझी अपेक्षा होती.

काकांनी हसऱ्या हातांची ओळ वाचली. “हात हासतस का कधी?” त्यांनी विचारलं. रंगखात्यातल्या एकानं आपला पंजा पुढे धरून निरखला आणि मान हलवली. हसण्याचा भर ओसरला तसे आबा म्हणाले, “ओय खोटी शे. पन साडी खोटी शे का?”

मी ओळ पुन्हा वाचली.

“साडी बेस शे,” आबा म्हणाले. “आम्हीच ते करतस. तू साडीनी जाहिरात करी नही, ते आमना हातनं काम कोन सांगी?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मालकाची साडी म्हणत होते; ओट्यावर ती कुणीच मालकाची म्हणत नव्हतं. मग सगळे एकदमच बोलायला लागले. लाल रंग धरायला कसा अवघड, काठाचा जांभळा कुणाला जमतो, कुठल्या साडीला गावाकडे मागणी. एकजण म्हणाला, त्याची बहीण शिरपूरकडे दिलेली आहे, ती नवी साडी नेसली की शेजारणींना पदर दाखवून सांगते, हाऊ रंग मना भाऊनी लायेल शे. तिला काय माहीत रंग नक्की कुणी लावला. पण सुरतेचा आहे म्हणजे भावाचाच, असं तिचं म्हणणं.

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं: रंग सुरतेचा, हात खानदेशचे.

काकांनी ते वाचलं. कुणीच काही विचारलं नाही.  ही ओळ माझी आहे असं म्हणायची माझी आजही हिंमत होत नाही.

मॅडमनी ती मालकांना वाचून दाखवली. नंतर मला फोनवर म्हणाल्या, “स्वतःची ओळ त्यांनी स्वतःच खोडली. मला काही बोलावं लागलं नाही.” काम पक्कं झालं. मामाला निरोप गेला. मायनं टिकल्यांची परात बाजूला सारून शेजारणीला सांगितलं, “मन्ही पोर घरमा बशीसन पुन्याले कामले जास.” ते तिनं अगदी सरळ अर्थानं सांगितलं होतं, आणि शेजारीण विश्वास ठेवेना.

त्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही नंदुरबारकडे गेलो. आठवड्याच्या बाजारात एका कापडदुकानाबाहेर दोरीवर साड्या लावल्या होत्या आणि खाली खोक्यात पत्रकं. पिवळा कागद. मी बघतच उभी राहिले. एक म्हातारी आणि तिची सून आल्या. सुनेनं पत्रक उचललं आणि सासूसाठी मोठ्यानं वाचायला लागली. ‘हात खानदेशचे’ या ओळीला थांबली. म्हातारीनं काठ हातात घेतला, बोटांनी चोळला, कापडासाठी नव्हे, दुसऱ्याच कशासाठी तरी. “आपला पोऱ्या पन तठेच शे,” ती म्हणाली. सून पुढचं वाचत होती आणि म्हातारी ऐकत नव्हती. काठ सोडत नव्हती. मग सुनेनं पत्रक घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं नाही, टाकलंही नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईला दिलं. खाली तसं लिहिलेलं होतं.

त्या दोघींना मी कोण ते ठाऊक नव्हतं. मी शब्दांच्या बाबतीत भावुक होणारी नाही. पत्रकांनी मला ते शिकवलेलं नाही. पण त्या बाजारात मला वाटलं की लिहिणं हे मी समजत होते त्याहून फार मोठं प्रकरण आहे, आणि आपण त्याच्या दारातच उभ्या आहोत.

पत्रकावरचं चित्र मात्र खोटं होतं. रंगाच्या टाकीशी उभा असलेला एक हसरा माणूस, हात स्वच्छ, नखं कापलेली. मी मॅडमना तसं सुनावलं. त्या म्हणाल्या, “चित्र मिलवाल्यांनी दिलं. ओळीपुरती मी लढले, चित्रासाठी माझ्यात जोर उरला नव्हता.” त्यांनी ते लपवलं नाही म्हणून माझा राग निम्मा झाला.

मिलमध्ये पिंप तसंच होतं. आमच्या पहिल्या पत्रकाचा उपयोग झाला नव्हता. ओट्यावर दुसरं काढायचं ठरलं आणि मी मजकूर लिहून आणला. पहिली ओळ अशी: ‘मिल म्हणते, रंग सुरतेचा, हात खानदेशचे. मग त्या हातांना जेवणाआधी धुवायला पाणी आणि साबण द्या.’

काकांनी वाचलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आबा म्हणाले, “हाई ओय काढी टाक.”

आबांनी पत्रकातली ओळ काढायला सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. “का?” मी विचारलं.

“तुनं काम जाई.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे म्हनानं सोपं शे,” आबा म्हणाले. “मंग मामाकडे जाशी. मंग आठे पत्रक कोन लिखी?”

काका म्हणाले की ओळ ठेवायलाच हवी, यापेक्षा जोरदार ओळ आपल्याला मिळायची नाही. मिलनं स्वतः छापलेली आहे, ती नाकारणार कशी? आबा ऐकेनात. दोघांत चांगलीच जुंपली. मी म्हटलं, ओळ राहील, पण छापण्याआधी मी पुण्याला सांगेन. त्या बाईचं नाव त्या कामावर आहे. मिलनं उद्या त्यांना विचारलं तर त्यांना ठाऊक असायला हवं. हे दोघांनाही नाकारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बूथवर गेले. मॅडमना सगळं सांगितलं. मीटरचे लाल आकडे पळत होते. भाईंनी काचेतून बघितलं.

“मला का सांगतेस?” मॅडमनी विचारलं. “गुपचूप छापलं असतंस तर?”

“ते बरोबर झालं नसतं.”

“मी नको म्हटलं तर काढशील?”

“नाही.”

“मग माझी परवानगी मागत नाहीयेस.”

“नाही. कळवतेय.”

“पत्रक फॅक्स कर,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी पान यंत्रात घातलं. ते गेलं. मी बाहेर पायरीवर बसले. भाईंनी विचारलं, “शुं थयुं, बेन?” मी म्हटलं, काही नाही. मनात मी बालवाडीतली लहान मुलं बघत होते, त्यांना शिकवायची गाणी आठवत होते. वाईट आयुष्य नव्हतं ते. फक्त माझं नव्हतं.

त्या पत्रकाचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. रंगखात्याच्या भिंतीला नळ बसले. लगेच नाही, बरंच ताणून, पण बसले. साडीचं काम पुढच्या वर्षी मॅडमच्या हातून दुसऱ्या संस्थेकडे गेलं. का गेलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं.

यंत्रानं घसा खाकरला. भाईंनी रुमाल बाजूला केला. कागद बाहेर येत गेला आणि मी वाकून वाचत गेले. ते माझंच पत्रक होतं, माझ्याच अक्षरातलं, आणि त्यावर मॅडमच्या पेनाच्या रेघा. मधली एक ओळ खोडली होती, जिथं मी मालकांना चिमटा काढला होता. समासात लिहिलं होतं: ‘टोमणा काढ. टोमणा वाचला की माणूस मागणी वाचत नाही. पहिली ओळ तशीच ठेव, तिला हात लावू नकोस. साबण कुठला ते लिहू नकोस, आपल्याच गिऱ्हाइकाची फुकट जाहिरात होईल.’ आणि सगळ्यात खाली: ‘डाळ मिलचं काम सोमवारी पाठवते.’

मी तो कागद घेऊन घरी आले. आबा पाळीवरून आले होते. त्यांनी तो दिव्याखाली धरून सावकाश वाचला, खोडलेली ओळ वाचली, समास वाचला, सोमवारचं वाचलं. परत वरून वाचायला लागले.

“हाई बाई कोन शे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.”

 मग आबांनी खिशातून पेन काढून आमच्या कच्च्या प्रतीवरची चिमट्याची ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

“तिले सांगी दे,” ते म्हणाले, “टोमना काढी टाकेल शे.”